नोंदवहीतलं जादा पान

2010 च्या जूनमध्ये एका संस्थेतर्फे मी आफ्रिकेतल्या मलावीत गेले. डेडझा जिल्ह्यातल्या एका गावात अनाथ मुलांना दिवसभर सांभाळायची सोय उभी करायची होती. इमारत वगैरे नाही, चर्चच्या आवारातली शेड. सांभाळणार गावातल्याच बाया, तेही फुकट. तिथं अशी गावकेंद्रं तेव्हाच हजारोंनी होती, त्यामुळे मला वाटलं, महिन्याभरात उरकेल.

अनाथ मुलांची नावं-वयं भरायच्या फॉर्मनेच घोळ घातला. एड्सनं गावोगाव कर्ती पिढी नेली होती. 2004 पासून औषधं मोफत मिळू लागली, पण ज्यांना उशीर झाला त्यांची पोरं आज्यांच्या पदरात. सरकारी व्याख्येनुसार आईबापांपैकी एक गेलं तरी मूल अनाथ. चिचेवा भाषेत अनाथाला 'वामासिये' म्हणतात, आणि विधवेलाही तोच शब्द. 'तुमच्या घरी वामासिये कोण?' असं विचारलं की आधी आजीच हात वर करायची! वयाचं तर विचारूच नका. जन्मदाखले नाहीत. दवाखान्याची वही असेल तर ठीक, नाहीतर 'मका जळाला त्या साली झाली' म्हणजे 2005, असा हिशेब.

गावप्रमुखांपुढे मी बायांबरोबर चटईवर बसून यादी वाचली. त्यांनी शांतपणे सांगितलं, अनाथांची वेगळी पंगत बसवणार असाल तर एकही पोर पाठवणार नाही. शेवटी लहान वयाची झाडून सगळी घेतली, 61 पोरं, त्यातली 24 अनाथ. ऑफिसला ते पटवण्यात दोन महिने गेले. ती भांडणं आता सांगण्यात अर्थ नाही.

मग केंद्र छान चाललं. तीन दगडांवर मोठं पातेलं, त्यात चार वाटे मका आणि एक वाटा सोया या पिठाची लापशी, लिकुनी फाला. पोरं घरून आपापला कप आणायची. एकाच्या कपाला कान नव्हता, तो चटका बसू नये म्हणून सदऱ्याच्या टोकात धरून प्यायचा.

जानेवारीत सेविका येईनाशा झाल्या. आधी एक, मग चौघी. मी डिझेलच्या टंचाईला, पावसाला, सगळ्याला दोष दिला. संगमनेरला माझी आत्या अंगणवाडी सेविका होती. तिला फोनवर रडगाणं ऐकवलं तर म्हणाली, "मानधन नाही म्हणतेस, मग त्यांच्या रानात खुरपतं कोण?"

मला हे सुचलंच नव्हतं. तिकडे जानेवारी म्हणजे मक्यातलं तण काढायचा महिना, आणि घरातलं धान्य संपत आलेलं. दुसऱ्यांची पोरं राखताना बाईचं स्वतःचं वावर गवतात जाणार.

प्रमुखांकडे गेले तर त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच ठरलं: ज्यांची पोरं केंद्रात, त्यांनी पाळीपाळीनं सेविकांच्या शेतात सकाळचे दोन तास कुदळ मारायची. आज्यांना माफी, त्यांनी सरपण आणायचं. एका आजीला माफी नको होती. ती कुदळ खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर.

नोंदवहीत मागे एक पान जोडलं. कुठल्या दिवशी कोणाच्या वावरात कोण. ऑफिसच्या तपासनिसानं विचारलं, हा कुठला रकाना? मी म्हटलं, हजेरीचाच आहे.