तुम्ही विचारलंत म्हणून: सॅन असताना बॅकअप लॅनवरून का?

सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं खास नेटवर्क, लॅन म्हणजे साधं स्थानिक नेटवर्क. नवीन मुलं विचारतात, ऑडिटर विचारतात, स्टोरेज विकायला येणारे तर हमखास विचारतात: सॅनवर एवढा खर्च केलाय, मग मेल क्लस्टरचा बॅकअप लॅनवरून का? मला वेगाचा हिशोब कळत नाही असं धरूनच विचारतात. हिशोब कळतो. सॅनचं १६ गिगाबिटचं फायबर चॅनल सेकंदाला सुमारे १६०० मेगाबाइट देतं, १० गिगाबिटची लॅन फार तर १२००. पण टोकाला बसलेला एलटीओ-८ टेप ड्राइव्ह कॉम्प्रेशनशिवाय ३६०च लिहितो. मग बाकीचा वेग कोणासाठी?

एकेकाळी लॅन एक गिगाबिटची होती, सेकंदाला जेमतेम शंभर मेगाबाइट. तेव्हा मीच सॅनसाठी भांडलो होतो, आणि तेव्हाचा तो युक्तिवाद मला आजही चुकीचा वाटत नाही.

तेव्हा आमच्याकडे विंडोज २००३ वर एक्स्चेंज २००७ या मेल सर्व्हरचं सिंगल कॉपी क्लस्टर होतं. दोन नोड (म्हणजे सर्व्हर; एक अडकला की दुसरा काम उचलतो), सामाईक डिस्क, टेप ड्राइव्हही त्याच सॅनवर. डिस्क आणि टेप यांना वेगवेगळी एचबीए, म्हणजे सॅनला जोडणारी कार्डं, द्या असं मी लेखी मागितलं होतं. दुसऱ्या कार्डांचे पैसे मंजूर झाले नाहीत.

एका रात्री बॅकअप चालू असताना सक्रिय नोड अडकला. दुसऱ्याने डिस्क ताब्यात घ्यायला रीसेट पाठवला, तो त्याच वाटेने टेपपर्यंत पोचला. मेल काही मिनिटांत उभी राहिली, क्लस्टरने आपलं काम चोख केलं. टेपने मात्र लिहिता लिहिता आपली जागा सोडली आणि जॉब तुटला. बॅकअप यशस्वी झाल्याशिवाय आमचं एक्स्चेंज जुने लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) काढत नव्हतं, त्यामुळे एकेक मेगाबाइटच्या फायलींचा ढीग वाढत गेला. नोड पुन्हा अडकला, जॉब पुन्हा तुटला. शेवटी भर कामाच्या दिवशी लॉगची डिस्क भरली आणि डेटाबेस डिसमाउंट झाले, म्हणजे मेल बंद.

विक्री विभागातल्या एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची निविदा त्याच दुपारी पोचायला हवी होती आणि सगळी कागदपत्रं मेलबॉक्समध्ये. "दादा, तेवढा माझा एक मेल काढून द्या." एकच मेल काढून देता येत नाही, हे त्यांना कसं सांगणार? मी चेकपॉइंट (कुठवरचे लॉग डेटाबेसमध्ये उतरलेत त्याची खूण) पाहून त्याआधीचे लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवत होतो, घाईत एक फाइल जास्त गेली तर डेटाबेसच उठला नसता. मेल सुरू झाली तोवर निविदेची वेळ टळली होती. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

यात सॅनचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. दोष एकाच कार्डाचा. विंडोज २००८ पासून क्लस्टर पर्सिस्टंट रिझर्वेशन (डिस्कवर नोंदवलेला हक्क) वापरतं, तो रीसेटचा प्रकारच उरला नाही. तरीही सॅनवरच्या बॅकअपमध्ये प्रत्येक नोडला प्रत्येक ड्राइव्ह दिसला पाहिजे, झोनिंग (सॅनवर कोणाला काय दिसावं याची वाटणी) जुळलं पाहिजे, आणि हे सगळं फेलओव्हरनंतरही (काम दुसऱ्या नोडवर गेल्यावरही) तसंच राहिलं पाहिजे. आज डॅगमध्ये (एक्स्चेंजच्या नव्या क्लस्टरमध्ये) डेटाबेसच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात. मी पॅसिव्ह (राखीव) प्रतीचा व्हीएसएस (विंडोजची स्नॅपशॉटची सोय) वापरून बॅकअप वेगळ्या लॅनवरून बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर घेतो आणि तिथून सावकाश टेपवर. मेल सर्व्हरला टेप दिसतच नाही, आणि मला तेच हवंय.

रिस्टोअरचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मोठा डेटाबेस लॅनवरून परत आणायला तासन् तास जातात, तेच सॅनच्या स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीवरून) काही मिनिटांत होतं. त्यावर आमच्या टीममध्ये अजून वाद चालू आहे, आणि समोरची बाजू कमजोर नाही.