बिनडोक्याचं इंजिन

बर्लिनहून डेसाऊला सरळ गाडी आहे, असं नवऱ्याने सांगितलं होतं. गाडी होती, पण रुळांचं काम निघालेलं, त्यामुळे मधल्या एका स्टेशनवर सगळ्यांना उतरवून बसमध्ये कोंबलं. जर्मन वक्तशीरपणाच्या गोष्टी ऐकत मी लहानाची मोठी झाले. डेसाऊला पोचले ती एका धिप्पाड कुत्र्याची शेपटी पायावर आपटून घेत, उभ्याने, सव्वा तास उशिरा. बर्लिनच्या चार दिवसांबद्दल काही लिहीत नाही. सगळ्यांनी लिहिलंय.

डेसाऊला लोक येतात ते बाऊहाउस, म्हणजे आधुनिक डिझाइनची ती नावाजलेली शाळा, बघायला. नवरा आर्किटेक्ट, त्यामुळे आमचाही सकाळचा वेळ तिथेच गेला. आर्किटेक्ट ग्रोपिउसची ती १९२६ची काचेची इमारत खरंच देखणी आहे. आतल्या वाकवलेल्या नळीच्या खुर्च्यांपुढे मात्र नवरा देवळात उभा राहावा तसा उभा होता, आणि मला आमच्या ओसरीवरची कापडी आरामखुर्ची आठवत होती. "तुझं इंजिन दुपारी बघू," असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी निघालेच.

माझं इंजिन म्हणजे खरं तर अप्पांचं. अप्पा, माझे वडील, लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या विभागात, हवालदार होते. नगरला पोस्टिंग असताना विजयंता रणगाड्याच्या इंजिनावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. घरी जेवताना विषय निघाला की दोन स्टीलचे पेले उचलायचे, तोंडाला तोंड लावायचे आणि म्हणायचे, "हे असं. एका सिलिंडरात दोन पिस्टन, समोरासमोर. सहा सिलिंडर, बारा पिस्टन, क्रँक दोन. आणि हेडच नाही! बिनडोक्याचं इंजिन." क्रँक म्हणजे पिस्टनच्या ये-जेने फिरणारा दांडा, आणि हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. मग शिव्या. धूर, लायनरमधून (सिलिंडरच्या आतली नळी) पाण्याची गळती, उतरवा, चढवा, परत उतरवा. आई पेले काढून घ्यायची, कारण त्यात ताक ओतायचं असायचं. पुढे मी मेकॅनिकलला गेले तर पुस्तकात या प्रकाराला जेमतेम दोन ओळी. विजयंताचं इंजिन ब्रिटिश बनावटीचं, पण त्याची कल्पना युंकर्सच्या विमानाच्या डिझेल इंजिनावरून घेतलेली, हे मला फार उशिरा कळलं. आणि युंकर्सचा कारखाना डेसाऊचा.

ह्यूगो युंकर्स म्युझियम जुन्या कारखान्याच्या जागेवरच आहे. मोठी शेड, आत पन्हाळी पत्र्याचं यू-५२ विमान, आणि भोवती युंकर्सच्या नावाचं काय वाट्टेल ते. गॅसचे गिझरसुद्धा! मला आधी वाटलं, चुकून ठेवलेत. पण गोष्ट सुरू होते तीच तिथे. हा माणूस मुळात गॅस आणि उष्णतेतला. १८९०च्या सुमारास याच गावात त्याने ओएशेलहॉयझर नावाच्या इंजिनिअरबरोबर समोरासमोरच्या पिस्टनचं गॅस इंजिन बनवलं, मग गिझर काढले, आणि विमानाकडे वळला तो पन्नाशीच्या आसपास.

यूमो २०५, म्हणजे युंकर्सचं ते विमानाचं डिझेल इंजिन, एका बाजूने उघडं करून ठेवलंय. मी समोर उभी राहिले आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, हे एवढं सडपातळ कसं? अप्पांच्या शिव्यांवरून मी काहीतरी बोजड राक्षस मनात धरला होता. हे तर उभं, अरुंद कपाट. वर एक क्रँक, खाली एक, आणि दोघांना जोडणारी पुढच्या तोंडाशी दातेरी चाकांची माळ.

मला जर्मन येत नाही, पाट्या मी नुसत्याच न्याहाळत होते. तेवढ्यात तिथले एक स्वयंसेवक आजोबा आले. सत्तरी नक्की ओलांडलेली, खिशात किल्लीएवढा टॉर्च. त्यांचं इंग्रजी माझ्या जर्मनपेक्षा थोडंसंच बरं. "गेगेनकोल्बेन," म्हणजे समोरासमोरचे पिस्टन, असं म्हणाले, आणि दोन्ही मुठी एकमेकींवर आणून लांब केल्या. परत आणल्या, परत लांब. मला एकदम पेले दिसले. मीही मुठी केल्या. दोघं जण त्या शेडमध्ये मिनिटभर मुठी आपटत उभे होतो. नवरा नेमका तेव्हाच आत आला.

मग आजोबांनी टॉर्चने एकेक दाखवायला सुरुवात केली. सिलिंडरच्या भिंतीत एका टोकाला भोकांची ओळ, दुसऱ्या टोकालाही. एकीतून ब्लोअरने ढकललेली हवा आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनच येता-जाता भोकं झाकतात आणि उघडतात. दोन्ही पिस्टन जवळ आले की मधल्या चिंचोळ्या फटीत डिझेलचा फवारा. स्पार्क प्लग नाही. दोन्ही क्रँक अगदी बरोबरीने फिरत नाहीत, धुराच्या बाजूचा ११ अंश पुढे असतो, म्हणजे ताजी हवा यायच्या आत धुराला वाट मिळते. हा आकडा त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिला. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, १०५ मिलिमीटर, दोन्ही पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे धाव, १६०-१६०, सगळ्या सिलिंडरांची मिळून जागा साडेसोळा लिटरच्या वर, आणि ताकद ६०० अश्वशक्तीच्या आसपास. याच्या आधीचं २०४ हे २८ लिटरचं थोराड धूड. १९२९ साली त्याने उड्डाण केलं, आणि तेच आटवून हे २०५ केलं.

मी विचारलं, चांगलं होतं का? आजोबांनी हाताचा पंजा सपाट धरून हवेत लांबवर सरकवला. समुद्र. डॉर्निए १८ ही उडती बोट १९३८च्या मार्चमध्ये या इंजिनांवर इंग्लंडच्या किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत ८,३९१ किलोमीटर न थांबता गेली, ४३ तासांत. एका लयीत चालवत ठेवलं तर फार कमी इंधन पिणारं इंजिन. मग त्यांनी तोच पंजा झटक्याने वर-खाली, वर-खाली केला, तोंडाने "युंकर्स ८६" म्हणाले आणि मान हलवली. हे बॉम्बफेकी विमान १९३७ला स्पेनच्या लढाईत उतरवलं. लढाईत वैमानिक लयीत कसला चालवतोय? रेस द्या, काढा, परत द्या. ते या इंजिनाला मानवेना. पुढच्या विमानांना साधी पेट्रोलची रेडियल (चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर असलेली) इंजिनं बसवली.

मला अप्पांचं वाक्य आठवलं: "उभं असलं की गुणी, हलवलं की नाटकं." रणगाड्यात तर दर दोन मिनिटांना रेस. इतकी वर्षं ऐकलेल्या शिव्या अशा एका पंजाच्या दोन हालचालींत उलगडतील, असं वाटलं नव्हतं. घशाशी काहीतरी आलं आणि मी उगाच गिझर बघायला गेले.

खुद्द युंकर्सने त्याच्या इंजिनाची ती लढाई बघितली नाही. १९३३ला नाझींनी त्याच्याकडून पेटंटं आणि कारखाने काढून घेतले, त्याला गावाबाहेर घालवून नजरकैदेत ठेवलं. १९३५ला ३ फेब्रुवारीला तो गेला. तो त्याचा ७६वा वाढदिवस होता. कारखाना त्याच्याच नावाने बॉम्बफेकी विमानं बनवत राहिला, पुढे वेठीला धरलेल्या मजुरांच्या हातांनी. मार्च १९४५मध्ये बॉम्बहल्ल्यात जवळजवळ सगळं डेसाऊ उद्ध्वस्त झालं. स्टेशनपासून चालत येताना रस्ते इतके सपक का वाटले, ते मला तेव्हा कळलं. सकाळी मी त्याला कंटाळवाणं गाव म्हणून मोकळी झाले होते.

जेवणाचं सांगायचं तर, गावात बटाट्याचं सूप मिळालं आणि मीठ मागितल्यावर वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिनमिठाचंच प्यायले.

निघण्याआधी अप्पांना इंजिनाचा व्हिडिओ पाठवला. आजोबांनी हौसेने टॉर्च धरला होता. परत त्याच बदली बसमध्ये चढताना उत्तर आलं, आवाजातलं. कानाला लावलं.

"आतून एवढं स्वच्छ मी कधी बघितलं नाही गं. आम्हाला काळंच मिळायचं." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "त्या गृहस्थांना विचार, यांचेही लायनर पाणी सोडायचे का."

बस सुटली होती.