वाघ दिसत नाही, तरीही मेळघाट

उन्हाळा लागला की ओळखीतले कोणी ना कोणी विचारतेच, ‘ताडोब्यात वाघ हमखास दिसतो, मग तुम्ही मेळघाटात का जाता?’ या वर्षी तुम्ही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताडोब्याविषयी माझ्या मनात अढी नाही. 1955 साली जाहीर झालेले ते महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. पाणवठे आटू लागले की उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ येतो आणि इतक्या जवळून दिसतो की पाहणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. परंतु मोहर्लीच्या गेटवरून पहाटे सुटणाऱ्या सफारीच्या बहुतेक जिप्सी गाड्यांना जंगल पाहायचे नसते, वाघ गाठायचा असतो. गाभा क्षेत्राचा, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या आतल्या राखीव भागाचा, जास्तीत जास्त 20 टक्के भागच पर्यटनासाठी वापरावा, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र तेवढ्या भागातल्या ठरावीक रस्त्यांवर वाघाची चाहूल देणारा चितळाचा ‘कॉल’ ऐकू आला की सगळ्या गाड्या एकाच वळणावर येऊन थडकतात आणि मग तो कॉलही इंजिनांच्या घरघरीत बुडून जातो. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्ले अशाच गाड्यांच्या मध्ये अडकली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्या प्रकाराची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती दृश्ये पाहिल्यावर मला कित्येक दिवस स्वस्थता नव्हती, कारण अशा रांगेत मीही पूर्वी उभा राहिलो आहे.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तिथेही वाघ आहेत, पण एकामागून एक डोंगर आणि खोल दऱ्या असलेल्या त्या प्रचंड मुलखात ते सहसा नजरेस पडत नाहीत, आणि म्हणूनच गर्दी तिकडे फिरकत नाही. परतवाड्याहून सेमाडोह ओलांडून कोलकासच्या विश्रामगृहावर पोहोचले की खाली सिपना नदीचे वळण दिसते. सिपना म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत साग. मार्चमध्ये सागाचे वाळलेले पान फांद्यांवर आपटत खाली येते, तेव्हा त्याचा आवाज एखादे जनावर चालत यावे इतका मोठा वाटतो. रात्री रातवा पक्ष्याची टकटक थांबली की नदीचे पाणी ऐकू येते. 1884नंतर 113 वर्षे कोणाच्याही दृष्टीस न पडलेला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1997 साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो. मला तो दिसला तेव्हा त्या रस्त्यावर दुसरी एकही गाडी नव्हती आणि आमच्या वाटाड्याने अर्धा तास एक शब्दही उच्चारला नाही.

गाभा क्षेत्रात मन मानेल तिथे एकट्याने पायी हिंडता येत नाही आणि तसा हट्ट धरणेही गैर आहे. विश्रामगृहाच्या ओट्यावर पहाटे दोन तास नुसते बसून राहिले, तरी मला पुरते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मेळघाटातली ही शांतता सगळीच मुळातली नाही. कोहा, कुंड, बोरी ही कोरकूंची गावे व्याघ्रप्रकल्पासाठी उठवून बाहेर वसवण्यात आली. काहींना तिथे रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला. काहींचे मन अजून तिथे रमलेले नाही. अशाच एका उठलेल्या गावाच्या जागी आता गवताचे कुरण झाले आहे आणि संध्याकाळी तिथे गव्यांचा कळप चरायला उतरतो. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा, ‘किती निवांत जागा आहे!’ असे मी सहज बोलून गेलो. वाटाड्याने कडेचे मोहाचे झाड दाखवले आणि म्हणाला, ‘हे आमच्या घरामागचे.’ त्याची आई अजून दर उन्हाळ्यात त्याला विचारते, यंदा त्या झाडाला फुले किती आली.