मोनार्कचा मार्च आणि एचओएची नोटीस

ऑस्टिनमध्ये अंगणात मोनार्क फुलपाखरं बघायची असतील तर आधी तुमच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, बागेबद्दलचे नियम वाचून घ्या. बाकी फार अवघड नाही. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांतून ही फुलपाखरं मार्चच्या सुमारास निघतात आणि अंडी घालायला टेक्सासात थांबतात, कारण त्यांच्या अळ्या फक्त मिल्कवीडच खातात आणि ते तेव्हा इथे नुकतंच फुटलेलं असतं. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं, पान खुडलं की तसाच पांढरा चीक.

मी इथलं मूळचं अँटेलोप हॉर्न्स जातीचं मिल्कवीड लावलं होतं. कोवळं असताना ते तणासारखंच दिसतं, आणि नेमकी तेव्हाच नोटीस आली: तण काढा, नाहीतर दंड. फोन केला तर म्हणे ईमेल करा. ईमेल केली तर म्हणे कमिटीचा फॉर्म भरा. फॉर्ममध्ये कुंपण, रंग, छप्पर सगळं होतं, झाडांचा रकानाच नव्हता. कमिटी बसणार महिनाअखेरीला, दंडाची मुदत त्याच्या आधीची! आणि इकडे एक मादी पोट वाकवून पानाखाली अंडं चिकटवत होती. पंख विटलेले, एका पंखाची कड फाटलेली. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, दुधी, उभ्या रेघांचं. आख्खा हिवाळा काढून हजारावर किलोमीटर उडत आलेल्या जिवाचं ते अंडं मी कापून कचऱ्यात टाकायचं? मला खरंच संताप आला.

शेवटी उपयोगी पडला टेक्सासचा प्रॉपर्टी कोड, कलम 202.007. कमी पाण्यावरच्या बागेला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही, आराखडा मात्र मागू शकते. मग वाफ्याला दगडांची कड केली, झाडांची शास्त्रीय नावं घालून आराखडा काढला, अंड्याचा फोटो जोडला आणि कलमाचा आकडा पहिल्याच ओळीत लिहिला. दंड स्थगित झाला, पुढे मंजुरीही आली. तोवर अळ्या पानं फस्त करत होत्या!

नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड मिळतं, आपल्याकडचं हळदीकुंकू, ते घेऊ नका. इथल्या सौम्य थंडीत ते मरत नाही आणि त्यावर ओई हा परजीवी साठत जातो.

ऊन तापल्यावर, साधारण अकरानंतर बघा. गवतालगत खाली उडत पानापानावर टेकणारी दिसली तर ती मादी. क्वीन नावाचं फुलपाखरू हुबेहूब वाटतं, पण त्याच्या पंखांवर वरून काळ्या शिरा ठळक नसतात. म्हणून जर्नी नॉर्थ या लोकांनी केलेल्या नोंदी गोळा करणाऱ्या वेबसाइटवर नोंद करताना पंख उघडे असतानाचा फोटो द्या.