खुर्ची, खाड्या आणि फेरीबोटी: काकांना घेऊन मांडव्याहून जयगडपर्यंत

चालता न येणाऱ्या माणसाला कोकण किनाऱ्याने न्यायचं असेल, तर बोट कुठली यापेक्षा धक्का कुठला हे आधी बघावं. बोटीत एकदा बसलं की पुढचं सोपं असतं. अडतं ते जमीन संपून बोट सुरू होते त्या हातभर जागेत.

माझे चुलतसासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, मूळचे गुहागरचे. अर्धांगवायूनंतर वॉकरवर चार पावलं टाकतात, बाकी सगळं चाकाच्या खुर्चीवर. गावी जायचं तर हायवेने नाही, खाड्या ओलांडत जायचं, ही त्यांची अट. क्रूझचाही विचार झाला होता, त्याबद्दल पुढे लिहिते.

मुंबईतून निघताना पहिला निर्णय गेटवे की भाऊचा धक्का. गेटवेच्या लाँचला ओल्या पायऱ्या उतराव्या लागतात, लाटेबरोबर बोट खालीवर होते, आणि गर्दीच्या वेळी एका बोटीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. खलाशी खांद्याला धरून अलगद उचलतात, माणसं चांगली आहेत. पण ज्याला उचलतात त्याला ते आवडतंच असं नाही. "मी काय माशांची पाटी आहे?" हा काकांचा प्रश्न. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली, तिच्यात गाडी थेट रॅम्पवरून आत जाते. तासाभराचा प्रवास. गाडीच्या डेकवरून वर बसायच्या जागेपर्यंत कसं न्यायचं, हे मात्र तिकीट काढतानाच विचारून घ्या आणि गाडी लावायच्या आधी तिथल्या माणसाला खुर्ची दाखवा.

मांडव्यापुढे चार खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या: आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, आणि गुहागरचा मुक्काम झाल्यावर तवसाळ ते जयगड. काही ठिकाणी लोक याला जंगलजेटी म्हणतात. बोटीच्या तोंडाशी लोखंडी फळका असतो, तो सिमेंटच्या उतारावर टेकतो, आणि ट्रक, दुचाक्या, कोंबड्यांच्या जाळ्या, माणसं, सगळे एकाच वाटेने आत. पायरी नाही. कुठल्याही वास्तुविशारदाने अपंगांचा विचार करून हे केलेलं नाही, ट्रक चढावा म्हणून केलंय, आणि तेच आमच्या कामी आलं.

सर्वांत सोपं म्हणजे माणसाला गाडीतच पुढच्या सीटवर बसू द्यावं. पण गाड्या इतक्या चिकटून लावतात की नंतर दार उघडत नाही. गाडी आत घेतानाच खलाशाला सांगा, "आजोबा आहेत, डावं दार उघडायला जागा ठेवा." बहुतेक वेळा कडेची जागा मिळते. काही बोटींवर गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते. उतारावर मागे जायची सवय नसेल तर चावी खलाशाकडे द्या, त्यात कमीपणा नाही. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये.

काकांना गाडीत बसायचं नव्हतं, वारा खायचा होता. मग खुर्ची. उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी धरायची, म्हणजे बसलेल्या माणसाची पाठ पाण्याकडे आणि ढकलणारा खालच्या बाजूला. फळक्यावर गाड्या घसरू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्या असतात, त्यात पुढची छोटी चाकं अडकतात. मोठ्या मागच्या चाकांची खुर्ची उलटीच ओढली की पट्ट्यांवरून जाते. चारही चाकं लहान असलेली, विमानतळावरची वाटते तशी खुर्ची इथे अगदी निरुपयोगी. ट्रक चढून झाल्यावर शेवटी चढा, आणि दोन्ही ब्रेक लावूनही एकाने मागे उभं राहा. ट्रकच्या धुराड्यापासून लांब.

आता भरती-ओहोटी, कारण उतार किती लांब आणि किती निसरडा हे तीच ठरवते. ओहोटीला बोट उताराच्या खालच्या टोकाशी लागते, तिथे शेवाळ असतं. भरतीला वरच्या कोरड्या भागाशी लागते. हिशेब जुनाच आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. काकांना हे तोंडपाठ, आम्ही मोबाइलवर शोधेपर्यंत ते सांगून मोकळे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार चढतं आणि फार उतरतं, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, फरक कमी असतो, म्हणून खुर्चीसाठी भांगाचे दिवस बरे.

गंमत अशी की समुद्रकाठी नेमकं उलटं लागतं. कोरड्या वाळूत खुर्ची रुतते, ओहोटीची ओली घट्ट वाळू मात्र रस्त्यासारखी. गुहागरला सुरूच्या बनापासून त्या ओल्या पट्ट्यापर्यंतच काय ती अडचण. आमच्या घरमालकांनी परसातली नारळाची झापं आणून अंथरली. मागची उचलायची, पुढे टाकायची, असं करत पोचलो. पंचमीला ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला आणि भरती दुपारी पावणेचारला, म्हणजे सकाळी किनारा आणि दुपारी फेरीबोट, दोन्ही जमतं. चतुर्थीलाही जमेल, पण पुढे गणपतीपुळ्याला जाणार असाल तर त्या दिवशी तिथली गर्दी लक्षात घ्या.

जंजिऱ्याला काकांना नेलं नाही. राजपुरीहून शिडाची होडी मुख्य दरवाज्याशी येते आणि हलत्या होडीतून थेट दगडी पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो. दिघीच्या बाजूने किल्ला छान दिसतो, तिथे गाडी थांबवून थर्मासमधला चहा घेतला.

मुक्कामाची जागा ठरवताना फोटोवर जाऊ नका. कोकणातलं घर जोत्यावर असतं, अंगणातून पडवीत दोन-तीन पायऱ्या आणि मग उंबरठा. फोनवर विचारायचे प्रश्न दोनच: अंगणापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, आणि संडासाचं दार किती इंच. "वेस्टर्न आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, एका ठिकाणी कमोड होता पण त्याच्यापर्यंत खुर्ची वळत नव्हती. घडीची कमोड खुर्ची डिकीत असेल तर निम्मी काळजी मिटते, कारण धक्क्यांवरच्या संडासांबद्दल न लिहिलेलं बरं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात वाहतुकीची साधनं आणि स्वच्छतागृहं सगळ्यांना वापरता येण्यासारखी असावीत हे आहे. धक्क्यांपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

क्रूझबद्दल. बॅलार्ड पिअरवरून मोठं जहाज घ्यायचं तर आत लिफ्ट असतात, जेवणघरापर्यंत खुर्ची जाते, आराम खूप. पण खुर्चीसाठी केलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. साध्या केबिनच्या बाथरूमला वर आलेली चौकट असते, तीच नडते. आपल्या खुर्चीची रुंदी चाकांसकट मोजून ठेवा, साधारण २५-२६ इंच भरते, आणि दाराची मोकळी रुंदी लेखी मागा. मुंबईत पाणी बरंच चढतं-उतरतं, त्यामुळे जहाजावर चढायच्या पुलाचा उतारही तासागणिक बदलतो. दुसरा प्रश्न: प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहून छोट्या बोटीने नेतात? लक्षद्वीपला छोट्या बोटीच असतात, आणि समुद्र खवळलेला असला तर खुर्चीवरच्या माणसाला बहुधा जहाजावरच थांबावं लागतं. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशीच्या कवायतीत कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा की आमच्या माणसाला जिन्याने कोण नेणार.

आमच्या घरात यावर अजून एकमत नाही. नवऱ्याला पुढच्या वेळी क्रूझ हवी. काकांचं म्हणणं, जहाज लांबून जातं, त्यात दाभोळ कुठे दिसणार.

जाणाऱ्यांनी एक करा: प्रत्येक फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, पावसाळ्यात तर सकाळीही. दाभोळची फेरी बंद असेल तर गुहागरला खेड-चिपळूणवरून मोठा वळसा पडतो, तेव्हा वाटेतल्या औषधांची आणि लघवीच्या भांड्याची सोय हाताशी ठेवा. तवसाळची चुकली तर भातगावच्या पुलावरून जाता येतं.