तुम्ही विचारलंत म्हणून: बास मासा गरवायची सुरुवात कुठून करावी?

"घराशेजारी तळं आहे. संध्याकाळी लोक काठावर उभे राहून बास धरतात. आम्हालाही शिकायचंय, काय काय विकत घ्यावं लागेल?" न्यू जर्सी असो, टेक्सस असो की कॅलिफोर्निया, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा कोकणातला किंवा नदीकाठच्या गावातला असेल, तर लहानपणी गरी टाकलेली असते, पण इथलं दुकान पाहून तोही गोंधळतो. खरेदीची यादी छोटी आहे, ती पुढे देतोच. पण आधी मासा समजून घ्या. तो समजला की दुकानात भिंतभर लटकलेल्या पाकिटांपैकी बहुतेक पाकिटं पहिलं वर्षभर तरी लागत नाहीत, हे आपोआप कळतं.

तळ्यात मिळतो तो बहुधा लार्जमाउथ बास. तो सनफिशच्या कुळातला. काठाजवळ तळहाताएवढे ब्लूगिल दिसतात ना, ते त्याचे भाऊबंद आणि त्याचं खाद्यसुद्धा. ओळखायची खूण सोपी आहे: तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं आणि अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा असतो. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याखालीच संपतो, अंग तपकिरी असतं आणि पट्टे उभे असतात. त्याला गार, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पाउंड ४ औंसांचा आहे. जॉर्ज पेरी यांनी तो मासा १९३२ साली जॉर्जिया राज्यात धरला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. तुमच्या तळ्यातला मासा एक-दोन पाउंडांचा असेल, आणि शिकायला तोच उत्तम.

हा मासा पाठलागापेक्षा दबा धरण्यावर जगतो. खाडीतला जिताडा जसा मुळांच्या आडोशाला थांबून कोळंबीवर झेपावतो, तसाच. तोंड एकदम उघडतो, त्या ओढीबरोबर पाणी आणि भक्ष्य दोन्ही आत जातं. आत गेलेली वस्तू खोटी वाटली तर क्षणात बाहेर फुंकतो. सगळं बास गरवणं या दोन सवयींवर उभं आहे. दबा धरायचा म्हणून तो कडेला उभा राहतो, आणि ओढून घेतो म्हणून त्याचा चावा बऱ्याचदा हाताला जाणवतच नाही.

कड म्हणजे फक्त तळ्याचा काठ नव्हे. जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते ती प्रत्येक जागा कड: पाणवनस्पती संपून मोकळं पाणी लागतं ती रेघ, झाडाच्या सावलीची सीमा, धक्क्याखालचा अंधार, पाण्यात आडवं पडलेलं झाड, उथळ पाणी एकदम खोल होतं ती उतरण, बांधावरच्या दगडांचा कोपरा, पाणी आत येतं त्या मोरीचं तोंड. नवखा माणूस तळ्याच्या मध्यावर जीव खाऊन फेकतो, कारण लांब म्हणजे जास्त मासे असं त्याला वाटतं. पण मासा अनेकदा त्याच्या पायांपासून दहा-पंधरा फुटांवर असतो आणि काठावर धाडधाड आल्याने निघून जातो. म्हणून पाण्यापासून थोडं मागे थांबा, आधी काठालगत समांतर दोन-चार फेकी टाका, मग पुढे व्हा. पोलराइज्ड गॉगल जरूर घ्या. पाण्यावरची चकाकी निघून जाते आणि बुडालेली झाडी दिसायला लागते. वीस डॉलरांचा गॉगल जे शिकवतो ते शंभर आमिषं शिकवत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याचं तापमान. वसंतात पाणी ५५ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ लागलं की मासे उथळात येतात, ६० ते ६५ च्या आसपास घरटी करतात. नर तळाची माती शेपटीने झाडून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि राखण करतो तो नर. आपल्याकडे मरळ पिल्लांच्या थव्याभोवती फिरते तसाच. अशा नराला उचलून लांब नेलं तर ब्लूगिल मिनिटांत घरटं साफ करतात. म्हणून काठाला गोल फिकट खळग्यावर ठाण मांडून बसलेला मासा दिसला तर त्याला सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगतो. उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांज, दुपारी फक्त दाट सावली. शरदात मासे छोट्या माशांच्या थव्यामागे फिरतात. थंडीत हालचाल मंदावते, तेव्हा सुरुवात करू नका, उगाच निराश व्हाल.

आता खरेदी. साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा (म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा) स्पिनिंग रॉड आणि २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ. दोन्ही मिळून ६० ते १०० डॉलरांत चांगली जोडी येते. बेटकास्टर रीळ पहिल्या वर्षी नको. आमिष पाण्यावर टेकल्यावर त्याचं चाक अंगठ्याने थांबवावं लागतं, नाहीतर ते फिरतच राहतं आणि दोरीचं घरटं होतं. हलकं आमिष त्याने फेकणं तर आणखी अवघड. दोरी म्हणून ८ पाउंड ताण झेलणारा साधा नायलॉनचा तंगूस पुरे. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी जास्त दणकट असते, पण ती भरायची तर आधी रिळावर तंगुसाचे काही वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत रिळावर सगळी गुंडाळी घसरत राहते.

दोरी भरताना बहुतेकांचं चुकतं आणि मग वर्षभर ते रिळाला दोष देतात. विकतच्या दोरीचं रीळ जमिनीवर लेबल वर करून ठेवा, दोरी दोन बोटांत ताणून धरा, पंधरा-वीस वेढे झाले की थांबून दोरी सैल सोडा. तिला पीळ पडत असेल तर जमिनीवरचं रीळ उलटं करा. रॉडवरच्या रिळाच्या कडेखाली साधारण तीन मिलिमीटर जागा राहील इतकीच भरा. जास्त भरली तर वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरली तर फेक जवळ पडते. आणि फेकण्याआधी दोरी मोकळी करायला रिळावरची तारेची कडी उघडतो, ती फेकल्यावर हँडल फिरवून मिटवू नका. हाताने मिटवा, दोरी हलकेच ताणा, मग गुंडाळा.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरी दुमडून दुहेरी करा आणि गळाच्या नेढ्यातून ओवा. त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता ठेवा. पुढे आलेल्या फासातून अख्खा गळ काढा. थुंकीने ओली करा आणि दोन्ही पदर धरून सावकाश आवळा. ओली करण्याला कारण आहे: कोरडा तंगूस स्वतःवर घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. आवळताना पदर एकमेकांवर चढले तर कापा आणि नव्याने बांधा.

आमिषही एकच: पाच इंची मऊ प्लॅस्टिकची कांडी. गॅरी यामामोतो कंपनीची सेंको या नावाने प्रसिद्ध आहे, इतरांच्याही मिळतात. रंग ग्रीन पंपकिन, गढूळ पाण्यात काळा-निळा. सोबत १/० आकाराचे वॅकी गळ (कांडी मध्यावर अडकवायचे गळ) आणि रबरी कड्या. कडी कांडीच्या बरोबर मध्यावर चढवा आणि गळ त्या कडीखालून घाला. कडी नसेल तर दोन माशांत कांडी फाटते. वजन काही लावू नका. ही कांडी प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या मिठामुळे स्वतःच जड असते, बुडताना दोन्ही टोकं थरथरत खाली जाते, आणि बासला मोहात पाडते ती हीच थरथर. रॉड हलवून तुम्ही त्यात भर घालू शकत नाही, बिघाड मात्र करू शकता.

फेका, रिळाची तारेची कडी मिटवा, दोरी किंचित सैल ठेवा आणि हात आवरा. ताणलेल्या दोरीवर कांडी सरळ खाली न जाता झोका घेत तुमच्याकडे येते. आता सगळं लक्ष दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर. पहिल्या फेकीला मनात आकडे मोजा, दोरी ढिली पडून थांबेपर्यंत. समजा आठ झाले. पुढच्या फेकीला ती पाचावरच थांबली, तर मधेच कुणीतरी झेललं आहे. दोरी बाजूला सरकू लागली, एकदम उडाली, तरी तेच. हाताला "टक" होईल याची वाट पाहणारा यातले बरेच मासे गमावतो, कारण तोवर त्यांनी कांडी फुंकून टाकलेली असते. असं दिसलं की रॉड खाली करा, ढिली दोरी गुंडाळून घ्या आणि ताण लागताक्षणी रॉड बाजूला लांब ओढा. उंच झटका नको, उघड्या गळाला त्याची गरज नसते. काहीच नाही झालं तर तळावर थोडं थांबा, रॉडचं टोक दीड-दोन फूट उचला, पुन्हा पडू द्या. दोन-तीनदा करून गुंडाळा. चावे बुडतानाच येतात, ओढून आणताना क्वचित.

उघडा गळ वनस्पतींत अडकायला लागला की टेक्सस रिग, म्हणजे गळाचं टोक कांडीत दडवायची मांडणी. ३/० आकाराचा वाकड्या मानेचा गळ, वर एक अष्टमांश औंसाचं गोळीच्या आकाराचं वजन. गळाचं टोक कांडीच्या डोक्यात पाव इंच घालून बाजूने काढा, कांडी मानेपर्यंत सरकवा, गळ अर्धा फिरवा, कांडी त्याच्या बाजूला लटकवून टोक कुठे लागेल ते पाहा आणि तिथूनच आरपार न्या. टोक वरच्या सालीत जरा दडवा. कांडी सरळ लोंबली पाहिजे. वाकडी राहिली तर ती पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते आणि दोरीला पीळ घालते. इथे मात्र झटका जोरात हवा, कारण गळाला प्लॅस्टिक फाडून बाहेर यायचं असतं. वजन शक्यतो टंगस्टनचं घ्या. शिशाचे छोटे तुकडे गिळून लून पक्षी मरतात, म्हणून ईशान्येकडच्या अनेक राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

परवाना काढल्याशिवाय पाण्यात दोरी टाकू नका. तो राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मिनिटांत मिळतो. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी लागत नाही, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १६ व्या वर्षापासून लागतो, टेक्ससमध्ये १७ पासून. 'व्हिसावर आहोत, मग परक्यांचे जादा पैसे पडतील का', हेही विचारलं जातं. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात बघतात ते तुम्ही राज्यात सलग सहा महिने राहिलात का एवढंच, नागरिकत्व नव्हे. मासा केवढा आणि किती, याचेही नियम आहेत. टेक्ससमध्ये सर्वसाधारण नियम १४ इंचांहून लहान लार्जमाउथ ठेवू नये आणि दिवसाला पाच, पण काही तलावांना वेगळे नियम. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास धरला तरी लगेच सोडावा लागतो. दरवर्षीची नियमपुस्तिका वाचा, काठावरची पाटीही वाचा. सोसायटीचं तळं असेल तर आधी परवानगी घ्या. या पैशाची कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं. परवान्याच्या शुल्कातून आणि १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने रॉड-रिळांवर बसलेल्या करातून इथले तलाव आणि मासे सांभाळले जातात.

मासा लागला की रॉड वाकलेला ठेवा आणि दोरी ढिली पडू देऊ नका. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारी कळ, आधीच अशी लावा, की दोरी तुटायच्या खूप आधी, साधारण तिच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणाला, रीळ दोरी सोडू लागेल. मासा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा रॉडचं टोक खाली करा. जवळ आला की ओल्या हाताने खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरा. दात वाळूच्या कागदासारखे असतात, कापत नाहीत. मोठा मासा नुसता जबड्याने आडवा टांगू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. लांब चिमट्याने गळ काढा. गळ घशात खोल गेला असेल आणि सहज निघत नसेल, तर दोरी गळाजवळ कापून मासा सोडा, ओढाताणीत तो मरण्याचा धोका जास्त असतो. फोटोला जेवढा वेळ तुम्ही श्वास रोखू शकाल तेवढाच. पाणी ८० अंशांच्या वर असेल तर तोही नको, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो.

खायचा असेल तर कायद्यात बसणारे लहान मासे ठेवा. मोठ्या माशांत पारा साठलेला असतो, आणि त्या बहुधा माद्या असतात. तुमच्या तळ्यासाठी राज्याने पाऱ्याची सूचना दिली आहे का, तेही पाहा.

मासा सोडल्यावर लगेच पुढची फेक टाकू नका. गळाच्या वरची फूटभर दोरी दोन बोटांतून ओढून बघा. कुठे खरखर लागली तर तेवढा तुकडा कापा आणि पालोमार नव्याने बांधा.