तुम्ही विचारलंत म्हणून: एआयने माझं काम खाल्लं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर गेली दोन वर्षं मी हा विषय टाळतेच. बारशाला जा, भिशीला जा, बँकेत केवायसीला जा, मी घरी बसून लिखाणाची आणि भाषांतराची कामं करते हे माहीत असलेलं कुणीतरी भेटतंच आणि मान जरा तिरकी करून विचारतं, "काय गं, आता ते एआय आलंय, मग तुझं कसं?" आजारी माणसाला भेटायला गेल्यावर जसा आवाज काढतात ना, तसा आवाज. मी मूड बघून उत्तर देते. बरा असेल तर "चाललंय की मस्त", नसेल तर "आहे तोवर आहे", आणि समोरचा आयटीवाला असेल तर "क्वालिटी कामाला मरण नसतं हो". तिन्ही उत्तरं देऊन झाली की घरी येऊन माझीच चिडचिड होते, म्हणून एकदा काय ते सगळं सांगून टाकते.

काम गेलेलं नाही. फाइली येतात, उलट पूर्वीपेक्षा जास्तच येतात. फरक इतकाच की पूर्वी डावीकडे इंग्रजी वाक्य असायचं आणि उजवीकडचा रकाना रिकामा, आता उजवीकडचा रकाना मशीनने भरून येतो आणि मी तो "फक्त बघून" द्यायचा. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. २०१८ला मेडिकलच्या फाइलला मला शब्दाला १ रुपया ४० पैसे मिळायचे, आता ४५ पैसे. तेव्हा दिवसाला दोन हजार शब्द झाले की पाठ धरायची, आता सहा हजारांची अपेक्षा असते, कारण "मॅम, इट्स ऑलरेडी डन, जस्ट रिव्ह्यू". ऑलरेडी डन आहे तर मला कशाला पाठवता, असं मी एकदा खरंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, पण मला ते आता माहितीय. फाइलसोबत एक सर्टिफिकेट जातं, हे भाषांतर अचूक असल्याची खात्री देते वगैरे, त्याच्याखाली माणसाची सही लागते. मला फाइली देणारी भाषांतराची एजन्सी माझ्याकडून हल्ली तीच विकत घेते. ४५ पैशात वाक्य मशीनचं आणि सही माझी.

ब्लॉगची कामं मात्र गेली. साफ गेली. "पावसाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्याल?", "डब्यासाठी झटपट पाच पदार्थ", असले महिन्याला पंधरा-वीस तरी असायचे. कुणी भांडून गेलं नाही, कुणी सांगितलंही नाही, २०२३च्या दिवाळीपर्यंत मेल येणंच थांबलं. त्याचं मला रडू येत नाही, कारण ते लिखाण मीसुद्धा मशीनसारखंच करत होते, चार वेबसाइटी उघडायच्या आणि पाचवी तयार करायची, "त्वचा" हा शब्द आठ वेळा आला पाहिजे, शेवटी "तर मग मैत्रिणींनो". आता लोक एआयच्या मराठीला हसतात, "महत्त्वपूर्ण भूमिका बजावते", "हे केवळ अमुक नसून तमुक आहे", तेव्हा मी हसण्यात सामील होते पण जरा जपूनच. मराठी शिकताना माझे ते ब्लॉगही त्याने गिळले असतील तर काय घ्या.

पण त्याच ब्लॉगवर आमचं लाइट बिल भरलं जायचं, आणि हे मला "तू तुझं ओरिजिनल लिही ना, आता ओरिजिनलला भाव येणार" असं सांगणाऱ्यांना कसं समजवावं कळत नाही. अहो, मराठीत ओरिजिनलला भाव कधी होता? दिवाळी अंकात गेली नऊ वर्षं लिहितेय, त्यातले दोन अंक मानधन देतात, बाकी ठिकाणी एक प्रत आणि संपादकांचं प्रेमाचं पत्र. मिक्सरचं मॅन्युअल, बँकेच्या अ‍ॅपवरची बटणं, केसगळतीचे ब्लॉग, या भाकड कामांच्या पैशावर ती एक कथा लिहायला मला ऑगस्टमधले पंधरा दिवस मोकळे मिळायचे. भाकड कामं गेली तेव्हा ते पंधरा दिवसही गेले.

आता तो प्रसंग सांगते. तो सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

२०२४च्या गौरी. आवाहनाच्या संध्याकाळी फाइल आली, ३,८०० शब्द, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटसाठी माहितीपत्रक, दुसऱ्या दिवशी अकराला हवं. दुसऱ्या दिवशी गौरीजेवण, माझ्याकडे बावीस माणसं, डाळ भिजत घातलेली. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा मेल दुसऱ्या कुणालातरी जातो हे मला अनुभवाने ठाऊक आहे. (नवरा म्हणाला, सोड ना. त्याचा पगार एक तारखेला होतो.) पुरण वाटून झाल्यावर साडेअकराला बसले ते तीनपर्यंत.

आणि मराठी चांगलं होतं हो. इथेच सगळी गोम आहे. जुनं मशीन भाषांतर कसं, दगड घातल्यासारखं असायचं, औषधाच्या ट्रायलच्या कागदात "स्टडी आर्म" म्हणजे अभ्यासातला गट, तर त्याचं "तुम्हाला दोनपैकी एका हातात ठेवले जाईल", असलं दिसलं की झोप उडायची. हे नवीन मराठी गुळगुळीत आहे. डोळा त्यावरून घसरत जातो, आणि रात्री दोन वाजता तर विचारूच नका.

इंग्रजीत वाक्य होतं की तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गोळ्या बंद करू नका. मशीनने लिहिलेलं: "तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्यास या टॅब्लेट बंद करू नका." शिवाय आणि यास, एवढाच फरक. इंग्रजीतला "अनलेस" हा शब्द आमच्या धंद्यातला जुना खड्डा आहे, नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी तोच दाखवायचे.

तीन आठवड्यांनी मेल आला. पत्रक छापून गेलं होतं. एका हॉस्पिटलमधे समुपदेशक बाई ते वाचून दाखवत होत्या आणि एका आजोबांनी मधेच थांबवून विचारलं, म्हणजे डॉक्टर म्हणाले तरी गोळी थांबवायची नाही होय? सर्जरीच्या किंवा दात काढायच्या आधी ही गोळी काही वेळा डॉक्टर स्वतःच थांबवायला सांगतात, नाही थांबवली तर रक्त लवकर थांबत नाही. आजोबांनी विचारलं म्हणून निभावलं. मेलसोबत स्क्रीनशॉट होता, ते वाक्य पिवळं केलेलं, आणि बाजूला त्या सॉफ्टवेअरमधली एडिट हिस्टरी, कुणी काय बदललं ते दाखवणारी.

त्यात माझं नाव होतं. त्याच वाक्यात. मी "टॅब्लेट"च्या जागी "गोळ्या" केलं होतं.

म्हणजे मी ते वाक्य वगळलं नव्हतं, झोपेत पुढे गेले नव्हते, ते वाचून, त्यात कर्सर ठेवून, इंग्रजी शब्द खटकला म्हणून काढून, मराठी शब्द घालून, सेव्ह करून पुढे गेले होते. भाषा सुधारली आणि अर्थ तसाच उलटा ठेवला. मला अजूनही ते पिवळं वाक्य अंघोळ करताना वगैरे मधेच आठवतं.

मग एक फॉर्म आला. चूक का झाली, परत होऊ नये म्हणून काय कराल. कारणासाठी ड्रॉपडाउन होता: ट्रान्सलेटर एरर, रिव्ह्यूअर एरर, क्लायंटने चुकीची फाइल दिली, इतर. मशीन एरर असा पर्याय नव्हता. मी "इतर"वर थांबले बराच वेळ. त्यात लिहायला सुरुवात केली की मूळ मसुदा मशीनचा होता, दर ४५ पैसे आहे, मुदत एका रात्रीची होती, मग ते सगळं खोडलं आणि ट्रान्सलेटर एरर निवडलं. का? भीती, हे एक कारण. दुसरं असं की मला लाज वाटली, "गोळ्या" माझं होतं ना. त्या फाइलचे १,७१० रुपये कापले गेले. जुन्या दराने ती फाइल ५,३२० रुपयांची होती, हा हिशोब मी त्या दिवशी उगाचच केला.

तुम्ही म्हणाल, बघा, मशीन चुकलं, म्हणजे माणूस लागतोच. हेच मला पण म्हणायचं होतं, मैत्रिणीला फोनवर म्हटलंही. ती म्हणाली, "तू स्वतः पहिल्यापासून लिहिलं असतंस तर झाली नसती का ही चूक?" नसती, असं मी ताडकन म्हणाले. कारण रिकाम्या रकान्यात "अनलेस" लिहिताना हात थांबतो, वाक्य आपल्याला बांधावं लागतं. हे मला पटतं अजूनही. पण २०१४ला मी एका सोसायटीच्या पोटनियमांत "किमान"च्या जागी "कमाल" लिहिलेलं, भर दुपारी, पूर्ण दराने, कुठल्याही मशीनशिवाय, ते मी फोनवर सांगितलं नाही.

मी बाई बदलले का, तर बदलले. २०१३ला गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आलं तेव्हा आम्ही ग्रुपवर आठवडाभर त्याच्या चुका टाकून हसलो. २०१७ला ते एकदम सुधारलं, नवीन पद्धतीचं झालं, तेव्हा हसणं कमी झालं पण दर तेच होते म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. मग ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या जानेवारीत मी एक मोठी पोस्ट लिहिली, मशीनला मराठीचा लहेजा कधीच कळणार नाही, "कधीच"वर जोर देऊन. पाचेकशे शेअर होते. लोक अजून ती मला पाठवतात, कुणी कौतुकाने, कुणी टोचायला. त्या पोस्टमधली बाई मला आवडत नाही. तिला वाटत होतं की प्रश्न मशीनला मराठी येतं का हा आहे. क्लायंटला मराठी वाचताच येत नाही गं बाई! मला फाइल पाठवणारा मुलगा बंगळुरूत बसतो, त्याला मराठी आणि हिंदीतला फरक पानावर बघून सांगता येणार नाही. त्याच्यासाठी "चालून जाईल" आणि "सुंदर" यात काय फरक?

आणि चांगल्या लिहिणाऱ्याला धोका नाही म्हणतात ना, त्यावर अपवर्क या फ्रीलान्सच्या साइटवरच्या कामांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ला केलाय. चॅटजीपीटी आल्यावर लिखाणवाल्यांची कामं सुमारे २ टक्क्यांनी आणि कमाई ५.२ टक्क्यांनी घटली, ते एक वेळ ठीक. पण ज्यांचं आधीचं काम उत्तम, रेटिंग वरचं, त्यांना त्यातून सूट मिळाली नाही, उलट त्यांना जरा जास्तच फटका बसल्यासारखं दिसलं. ते आकडे पहिल्या काही महिन्यांचे, इंग्रजीचे, आणि आपल्या ४५ पैशांचे नाहीत, तरी "क्वालिटी कामाला मरण नसतं" हे मी त्यानंतर जरा हळू आवाजात म्हणते. हॉलीवूडच्या लेखकांनी त्याच वर्षी १४८ दिवस संप करून लिहून घेतलं की एआयला लेखक म्हणायचं नाही आणि ते वापरायची सक्ती करायची नाही. त्यांची संघटना आहे. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात सकाळी गुड मॉर्निंग येतं आणि रात्री कुणीतरी विचारतं की ३५ पैशाला कुणी घेतंय का.

घेतं कुणीतरी. मीही एकदा घेतलंय.

अजून एक गोष्ट कबूल करायची राहिली. अप्पा बळवंत चौकाजवळ एक डीटीपीवाले काका होते, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टायपिंग करायचे, स्पीड असा की बघत राहावं. मी तेव्हा नवीन, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, घरून टाइप करून द्यायला लागले आणि त्यांच्याकडे जाणारं एका प्रकाशकाचं काम माझ्याकडे आलं. काका म्हणाले, "पोरी, आमचं आता कठीण आहे." मी काय म्हणाले असेन? "काका, युनिकोड शिका, सोपं आहे, अपडेट राहायला पाहिजे." छान हसून म्हणाले असेन. आज जो उठतो तो मला प्रॉम्प्टिंग, म्हणजे एआयला नेमकं काय हवं ते सांगायला, शिक म्हणतो, आणि मला नेमके काका आठवतात. (शिकलेय मी प्रॉम्प्टिंग. दिवाळी अंकासाठी सोडून बाकी सगळीकडे वापरते. हेही तुम्ही विचारता म्हणून.)

बहिणीची मुलगी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती विचारते, "मावशी, मी पडू का यात?" तिला नको म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. मी मिक्सरच्या मॅन्युअलवर शिकले, "झाकण घट्ट बसल्याची खात्री करा" हे वाक्य चार प्रकारे लिहून बघत, कुणीतरी त्याचे पैसे देत होतं. तिला कुणी मॅन्युअल देणार नाही, थेट तपासायला बसवतील, आणि जे कधी लिहिलंच नाही ते तपासायचं कसं? हे मी तिला म्हणाले तर ती म्हणाली, तू तर लिहिलेलं होतंस ना, मग ते गोळ्यांचं कसं सुटलं?

तिच्या आईने सांगितलं असणार. मी चहा ठेवायला उठले.

आता मी कुठलीही फाइल उघडली की वाचायला लागायच्या आधी कंट्रोल एफ दाबून "अनलेस" शोधते आणि तेवढी वाक्यं मोठ्याने वाचते. गेल्या आठवड्याच्या फाइलमध्ये चौदा होते. चौदाच्या चौदा बरोबर होते.